दोन हार्ड डिस्का आणि सुरू न होणारा संगणक

विद्यार्थिमित्रहो, आजकाल पुष्कळ घरांत संगणक हा दौत-लेखणीइतकाच परिचयाचा झाला आहे. त्यावर तुमचे प्रकल्प असतात, वडिलांचे हिशेब असतात, आईनें जपून ठेवलेलीं लग्नकार्यांचीं छायाचित्रें असतात. असा संगणक एके दिवशीं बटण दाबूनहि उघडेनासा झाला, तर घरांतील सर्वांचीच त्रेधा उडते. त्यांतहि ज्या संगणकांत एकाऐवजीं दोन किंवा तीन हार्ड डिस्का बसविलेल्या असतात, त्याचा बिघाड अधिक गोंधळांत पाडणारा असतो. कारण दोष डिस्कचा आहे, तारेचा आहे, कीं केवळ क्रमाचा आहे, हें वरून दिसत नाहीं. ह्या लेखांत त्या बिघाडाचा क्रमवार विचार करावयाचा आहे. लेखाचें सार आरंभींच सांगून ठेवतों: अशा प्रसंगीं पुष्कळदां एकहि डिस्क बिघडलेली नसते; चुकलेला असतो तो त्यांचा अनुक्रम. आणि खरें नुकसान होतें तें बिघाडानें नव्हे, तर घाईनें केलेल्या उपायानें.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींतील एक प्रसंग सांगतों. एका विद्यार्थ्याच्या घरचा जुना संगणक आदल्या पावसाळ्यांत विजेच्या धक्क्यानें कायमचा बंद पडला होता, म्हणून घरांत नवा संगणक आला. जुन्या यंत्राची हार्ड डिस्क मात्र शाबूत होती, आणि तिच्यावर त्या मुलाच्या दिवंगत आजोबांचीं छायाचित्रें व त्यांच्या आवाजांतील कांहीं ध्वनिमुद्रणें होतीं. त्यांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. ती डिस्क नव्या संगणकांत बसवावी, म्हणजे आजोबांचा आवाज पुन्हां ऐकतां येईल, अशा हेतूनें मुलानें ती स्वतः जोडली. बटण दाबलें, तों पडद्यावर जुन्या विंडोजचें चिन्ह क्षणभर चमकलें, मग निळा पडदा आला व गेला, आणि यंत्र आपोआप पहिल्यापासून सुरू झालें. असें तें सारखें चालूं राहिलें. शेजारच्या एका गृहस्थांनीं सल्ला दिला, "जुनी डिस्क खराब झाली आहे. ती पुरती पुसून कोरी करून टाक, म्हणजे सर्व सुरळीत होईल." सुदैवानें मुलानें त्या रात्रीं तसें केलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो आमच्याकडे विचारावयास आला.

हें असें कां झालें, हें समजण्यासाठीं संगणक मुळांत सुरू कसा होतो, तें पाहिलें पाहिजे.

संगणकास वीज मिळते त्या क्षणीं त्याचा मेंदू कोरा असतो. रॅम नांवाची जी कामाची स्मृति, ती वीज जातांच पुसली जाते. आणि विंडोज किंवा लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली हार्ड डिस्कवर झोंपलेली असते. ती डिस्कवरून वाचून आणावयास आज्ञावली पाहिजे, आणि आज्ञावली तर डिस्कवरच! हा पेंच सोडविण्यासाठीं संगणकाच्या मुख्य फलकावर एक लहानशी चिप कायमची बसविलेली असते. तिच्यांतील सूचना वीज गेल्यावरहि टिकतात. ह्या सूचनांच्या संचास फर्मवेअर म्हणतात. आय. बी. एम. कंपनीनें १९८१ सालीं आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला, त्या यंत्रामुळें त्याचें बायोस हें नांव सर्वत्र रूढ झालें. हल्लींच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय ह्या नव्या पद्धतीनें घेतली आहे. संगणक सुरू करण्याच्या क्रियेस 'बूट करणें' म्हणतात, त्याचें मूळहि मौजेचें आहे. उंच बूट पायांत चढवितांना ओढावयासाठीं त्याला मागें एक पट्टी असते. ती पट्टी धरून मनुष्यानें स्वतःलाच वर उचलावें, अशी एक अशक्य कल्पना इंग्रजी बोलींत आहे. संगणकहि जणूं स्वतःच स्वतःला उचलून उभा करतो, म्हणून हें नांव पडलें.

फर्मवेअरचें काम सकाळीं शाळा उघडणाऱ्या शिपायासारखें आहे. किल्ल्यांचा जुडगा घेऊन तो येतो आणि प्रथम हजेरी घेतो: स्मृति जागेवर आहे काय, पडदा आहे काय, कळफलक आहे काय, डिस्का किती आहेत. ह्या हजेरींत दोष आढळला तर कांहीं यंत्रें ठराविक संख्येनें शिट्या वाजवून तो कळवितात. मग शिपाई खिशांतील यादी काढतो. तींत खोल्यांचा क्रम लिहिलेला असतो. पहिल्या क्रमांकाची खोली उघडावी. तेथें मेजावर मुख्याध्यापकांचा लेखी हुकूम सांपडला, तर त्याप्रमाणें वागावें. न सांपडल्यास पुढची खोली पाहावी. आणि कोठेंच न सांपडल्यास 'सुरू करण्याजोगें साधन नाहीं' असें पडद्यावर लिहून स्वस्थ उभें राहावें, एवढेंच त्याचें कर्तव्य. शिपाई आज्ञाधारक आहे. परंतु सांपडलेला हुकूम आजचा आहे कीं दहा वर्षांपूर्वींचा, हें ओळखण्याची बुद्धि त्याला नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. दोन डिस्कांच्या घोटाळ्याचें मर्म तींतच आहे.

हा लेखी हुकूम डिस्कवर नेमका कोठें असतो? जुन्या पद्धतींत तो अगदीं पहिल्या खंडांत असतो. हा खंड ५१२ बाइटांचा. त्यांपैकीं ४४६ बाइटांत आरंभीची आज्ञावली, ६४ बाइटांत डिस्कच्या चार विभागांची नोंद, आणि शेवटच्या २ बाइटांत हा खंड ग्राह्य असल्याची खूण. ही व्यवस्था १९८३ सालीं डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. तींत सामान्यतः सुमारें २.२ टेराबाइटांपलीकडील जागा मोजण्याची सोय नव्हती, म्हणून मोठ्या डिस्कांसाठीं जीपीटी नांवाची नवी नोंदपद्धति निघाली. यूईएफआय पद्धतींत हुकूम पहिल्या खंडांत नसून एका लहानशा स्वतंत्र विभागांत फाइलीच्या रूपानें असतो, आणि त्या फाइलीचें ठिकाण फर्मवेअर आपल्याजवळ टिपून ठेवतें. विंडोज वापरतांना हा विभाग सामान्यतः दिसत नाहीं; म्हणून तो कोणत्या डिस्कवर आहे, हें पुष्कळांना ठाऊकच नसतें.

आतां त्या विद्यार्थ्याच्या संगणकाकडे वळूं. जुन्या डिस्कवर जुनी विंडोज व तिचा जुना हुकूम जसाच्या तसा होता. नव्या यंत्रांत जुन्या पद्धतीनें सुरू होण्याचीहि मुभा ठेवलेली होती, आणि नवी पाहुणी आलेली पाहून फर्मवेअरनें तिला यादींत पहिलें स्थान दिलें होतें. शिपायानें पहिली खोली उघडली, शिळा हुकूम उचलला आणि तो निष्ठेनें बजावला. जुनी विंडोज जागी झाली. परंतु भोंवतालचें सर्व यंत्र तिला अपरिचित. डिस्कशीं बोलण्याचें साधन तिला सांपडेना, म्हणून ती निळा पडदा दाखवून थांबे आणि यंत्र पुन्हां पहिल्यापासून सुरू होई.

हें अनुमान खरें कीं खोटें, तें ठरविण्यास एक साधी परीक्षा पुरली. यंत्र बंद करून भिंतींतील प्लग काढला, आणि जुन्या डिस्कची माहिती वाहणारी बारीक तार तेवढी सोडविली. बाकी कशालाहि हात लावला नाहीं. पुन्हां वीज दिली, तों नवी विंडोज नेहमींप्रमाणें उघडली. ह्या एका परीक्षेनें तीन गोष्टी सिद्ध झाल्या: नवी डिस्क निरोगी आहे, तिचा हुकूम तिच्याचवर आहे, आणि यंत्राचा बाकीचा भाग ठीक आहे. जुनी डिस्क खराब आहे, हें मात्र तिनें सिद्ध झालें नाहीं. हा भेद ओळखणें महत्त्वाचें आहे. मग पुन्हां प्लग काढून तार जोडली, वीज देतांच कळफलकावरील कळ दाबून फर्मवेअरच्या मांडणींत प्रवेश केला (ही कळ बहुधा डिलीट किंवा एफ २ असते), आणि यादी पाहिली. जुनी डिस्क पहिली, नवी दुसरी. त्यांची अदलाबदल करून मांडणी जतन केली. यंत्र सुरळीत उघडलें, आणि जुनी डिस्क एका कोपऱ्यांत दुसरी म्हणून शांतपणें हजर झाली. एकहि भाग बदलावा लागला नाहीं, एकहि अक्षर पुसावें लागलें नाहीं. सर्वांआधीं छायाचित्रांची व ध्वनिमुद्रणांची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर काढून घेतली. त्या संध्याकाळीं आजोबांचा आवाज घरांत पुन्हां ऐकूं आला.

येथें एक विचार करण्याजोगा आहे. शेजाऱ्यांचा सल्ला पाळला असता, तर काय झालें असतें? जुनी डिस्क पुरती कोरी झाली असती, तिच्यावर हुकूम उरला नसता, शिपाई पुढच्या खोलीकडे गेला असता, आणि संगणक खरोखरच सुरू झाला असता! उपाय लागूं पडला, असें सर्वांना वाटलें असतें. आणि आजोबांचा आवाज मात्र कायमचा गेला असता. उपाय यशस्वी दिसला एवढ्यानें निदान बरोबर होतें असें ठरत नाहीं, हा धडा येथें घ्यावयाचा.

ह्याच्या उलट प्रकारहि वारंवार घडतो. दोन डिस्का जोडलेल्या असतांना विंडोज बसविली, तर ती स्वतः एका डिस्कवर जाते, परंतु आरंभीचा हुकूम कधीं कधीं दुसऱ्या डिस्कवर पूर्वींपासून असलेल्या विभागांत लिहिला जातो. पुढें वर्षानुवर्षें सर्व ठीक चालतें. एके दिवशीं 'ही जुनी डिस्क आतां कशाला?' म्हणून कोणी ती काढतो, आणि यंत्र उघडत नाहीं. मग नवी डिस्क मेली, असा आक्रोश होतो. वस्तुतः खोली शाबूत आहे. हुकूम तेवढा दुसऱ्या खोलींत राहिला. अशा वेळीं काढलेली डिस्क पुन्हां जागेवर बसवावी. यंत्र बहुधा उघडतें. मग महत्त्वाच्या माहितीची प्रत घेऊन, विंडोजच्या स्थापना-पेनड्राइव्हवरून बीसीडीबूट नांवाच्या आज्ञेनें मुख्य डिस्कवर नवा हुकूम लिहितां येतो; तें काम जाणत्याच्या देखरेखीखालींच करावें. हा घोटाळा मुळींच होऊं नये, यासाठीं विंडोज बसवितांना तिच्यासाठीं ठरविलेली एकच डिस्क जोडलेली ठेवावी, आणि बाकीच्या मागाहून जोडाव्या.

आतां इतर कारणें पाहूं. बाहेर लावलेला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क यादींत आधीं आली, तरी यंत्र अडतें. मुख्य फलकावर नाण्याएवढी सपाट बॅटरी असते; ती बहुधा सीआर २०३२ जातीची, ३ व्होल्टांची. कांहीं वर्षांनीं ती संपली कीं संगणकाचें घड्याळ मागें जातें, आणि पुष्कळ यंत्रांत आपण ठरविलेला क्रमहि पुसला जाऊन कारखान्याचा मूळ क्रम परत येतो. म्हणून पडद्यावरील तारीख कित्येक वर्षें मागची दिसली, तर डिस्कवर आरोप करण्यापूर्वीं बॅटरी बदलावी. त्याच वेळीं डिस्कांशीं बोलण्याची रीत, म्हणजे एएचसीआय किंवा रेड ही मांडणी, बदलली असेल, तर निरोगी विंडोजहि निळा पडदा दाखविते. मूळ मांडणी परत लावतांच ती उघडते.

तारांचे दोषहि पुष्कळ. साटा जातीच्या डिस्कला दोन तारा लागतात: माहितीची ७ स्पर्शकांची व विजेची १५ स्पर्शकांची. नवी डिस्क बसवितांना हाताचा धक्का लागून जुनीची तार सैल होणें, ही अगदीं नित्याची गोष्ट आहे. हल्लींच्या कित्येक फलकांवर एम.२ जातीची चपटी डिस्क व साटाचें एखादें खोबण यांचा मार्ग सामाईक असतो. चपटी डिस्क बसवितांच त्या खोबणींतील डिस्क अदृश्य होते. ती मेलेली नसते. दुसऱ्या खोबणींत लावली कीं पुन्हां दिसते. कोणतीं खोबणें सामाईक आहेत, हें फलकाबरोबर आलेल्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. फार जुन्या यंत्रांत रुंद पट्टीसारख्या एकाच तारेवर दोन डिस्का असत, आणि लहान टोपणें बसवून एकीस मास्टर व दुसरीस स्लेव्ह ठरवावें लागे. दोघींनाहि मास्टर केलें तर बहुधा एकहि नीट ओळखली जात नसे.

हें सर्व लक्षांत घेऊन, प्रत्यक्ष प्रसंगीं पुढील क्रम पाळावा.

१. पडद्यावरील इंग्रजी वाक्य अक्षरशः उतरून घ्यावें किंवा त्याचें छायाचित्र घ्यावें. अर्धवट आठवणीवर निदान होत नाहीं.

२. शेवटचा बदल कोणता केला होता, तें आठवावें. काल सर्व चालूं होतें आणि आज नाहीं, तर मधें काय घडलें?

३. बाहेरचे पेनड्राइव्ह व डिस्का काढून पाहावें.

४. पेटी उघडण्यापूर्वीं प्लग काढावा, बटण कांहीं क्षण दाबून उरलेली वीज जाऊं द्यावी, आणि पेटीच्या धातूस स्पर्श करून मगच आंत हात घालावा. विजेचा पुरवठा करणारी आंतील बंद पेटी मात्र कधींहि उघडूं नये. लहान मुलांनीं हें काम वडील माणसांच्या समक्षच करावें.

५. फर्मवेअरच्या मांडणींत सर्व डिस्का दिसतात काय, तें पाहावें. न दिसल्यास दोष तारेचा, खोबणीचा किंवा डिस्कचा. दिसूनहि यंत्र अडत असेल, तर बहुधा क्रमाचा किंवा हुकुमाचा. बिटलॉकर नांवाचें कुलूप असलेल्या संगणकावर कांहींहि बदलण्यापूर्वीं त्याची ४८ अंकी किल्ली हाताशीं ठेवावी, नाहींतर दार कायमचें बंद होण्याचा धोका आहे.

६. एका वेळीं एकच डिस्क जोडून परीक्षा घ्यावी. एका वेळीं एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची वहींत नोंद. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणत्याचा व दोष कोणत्याचा, हें कळत नाहीं.

७. डिस्क ठराविक अंतरानें टक् टक् असा आवाज करीत असेल, तर तिचें वाचन करणारें टोंक बिघडल्याची शंका घ्यावी, आणि ती तत्काळ बंद करावी. तेथें पुनःपुन्हां प्रयत्न करणें म्हणजे जखमेवर चालणें होय. आंतील माहिती मोलाची असेल तर ती ह्या कामांतील तज्ज्ञाकडे सोंपवावी.

यंत्र उघडल्यावरहि एक मोह पुढें उभा राहतो. परकी किंवा दुखावलेली डिस्क जोडली कीं विंडोज नम्रपणें विचारते: 'ही डिस्क वापरण्यापूर्वीं फॉरमॅट करावी लागेल, करूं काय?' प्रश्न आज्ञेसारखा दिसतो, पण तो प्रश्नच आहे. जुनी माहिती हवी असेल, तर उत्तर 'नको' हेंच द्यावें.

पालकांस एक विनंति. एकाच संगणकांत दोन डिस्का आहेत, म्हणून आपली माहिती सुरक्षित आहे, असें समजूं नये. विजेचा एकच लोळ किंवा एकच चोर दोघींनाहि नेतो. घरांतील अमोल वस्तूंची एक प्रत यंत्राबाहेर, आणि शक्य तर घराबाहेरहि असावी. तसेंच, कोणत्या डिस्कवर काय आहे व आरंभीचा क्रम कोणता आहे, हें एका कागदावर लिहून तो पेटीच्या आंतल्या बाजूस चिकटवावा. आज पांच मिनिटांचें हें काम पुढें मुलांची एक रात्र वांचवील.

विद्यार्थ्यांनो, यंत्र आपल्यावर रागावत नाहीं आणि हट्टहि करीत नाहीं; त्याच्यापुढें जो हुकूम ठेवला, तोच तें बजावतें. म्हणून तें अडलें असतां त्याला दोष देण्यापूर्वीं, त्याला काय सांगितलें गेलें आहे, हें शोधून काढावें. एक पायरी, एक परीक्षा, एक नोंद, आणि खात्री पटेपर्यंत कांहींहि पुसावयाचें नाहीं, एवढी शिस्त अंगीं बाणली तर संगणकच काय, आयुष्यांतील पुष्कळ गुंते न तोडतां सोडवितां येतील.